पायी चालणारा खान

हल्ली तोरगाय नदीच्या काठी कुणी कुणासाठी घोड्यावरून उतरत नाही. समोरासमोर आले की मान हलवतात आणि टाच मारून निघून जातात. मला मात्र ते दिवस आठवतात, जेव्हा तेमिरबेक दिसले की अख्खी वाट पायउतार व्हायची.

मी नवी सून होते तेव्हा म्हातारे खान वारले. मुलगा नव्हता, पुतणे दोन. आमच्याकडचे तेमिरबेक आणि नदीपलीकडचे अल्दियार. दोघंही तितकेच खानदानी. आमच्या लोकांना दम निघेना. त्यांनी तेमिरबेकांना लोकरीच्या पांढऱ्या नमद्यावर बसवलं, चार कोपरे धरून उचललं आणि ते खान झाले. एक कोपरा माझ्या सासऱ्यांच्या, बायजानांच्या हातात होता. मग रीतीप्रमाणे लूट झाली. नव्या खानाची सगळी जनावरं लोकांनी हाकून न्यायची आणि पुढे नजराण्यांनी त्याचा कळप पुन्हा भरायचा, ही आमची रीत. त्यांची बायको उलबाला कमरेवर हात ठेवून हसत होती, एक उंट विसरलात म्हणून लोकांना हाका मारत होती. इतकं हसणारी बाई मी पुन्हा पाहिली नाही. आमच्या वाट्याला एक कबरी घोडी आली.

त्या घोडीचं दूध आंबतंय तोवर बातमी आली. पलीकडे अल्दियारांनाही नमद्यावर उचललं होतं, आणि रशियन किल्ल्यावरून तलवार, केसाळ झगा आणि खानपदाचा कागद त्यांच्याच नावानं आला होता. तिकडचे लोकही पक्के. लुटीत म्हाताऱ्या मेंढ्या तेवढ्या हाकल्या.

आमच्या खानाकडे ना खानपद राहिलं, ना शेपूट हलवणारं एक जनावर. सासरे शरमेनं अर्धे झाले आणि घोडी घेऊन त्यांच्या दारात उभे राहिले.

"बायजान, मला उचललं होतंस ना?" तेमिरबेकांनी विचारलं.

"उचललं होतं."

"मग खानाची लूट परत करणारा तू कोण? ने ती घोडी."

सगळ्यांनाच त्यांनी असं परत पाठवलं. एक शेळी जरी परत घेतली तरी आपण खान नव्हतोच, असं त्यांनी आपल्याच तोंडानं म्हटल्यासारखं झालं असतं. नजराणा आता अल्दियारची माणसं घेऊन जायची. आम्ही चोरून काही नेलं, तर खानाला चोरून द्यायचं नसतं म्हणून तेही नाकारलं. उलबालाच्या माहेरून चार शेळ्या आल्या, त्यावर त्यांचा संसार चालला.

आणि ते पायी फिरू लागले. आमच्या मुलखात पायी फिरणारा मोठा माणूस म्हणजे एक तर भिकारी, नाहीतर घोडा चोरीला गेलेला. पण खान पायी असताना आपण वर बसून कसं चालेल? म्हणून दिसेल तो उतरायचा आणि त्यांच्याबरोबर चालायचा. आमचे हे एकदा असे अर्धा दिवस चालले. घरी येऊन म्हणाले, खान मिळाला खरा, पण बूट गेले. पुढेपुढे लोक त्यांना लांबून पाहून टेकाडाआड जायला लागले. त्यांनाही ते ठाऊक होतं. चढण आली की ते उगाच मोठ्यानं खोकायचे, लपणाऱ्याला वेळ मिळावा म्हणून. किती गोड माणूस होता तो!

अशी कित्येक वर्षं गेली. सासरे गेले. मग तो हिवाळा आला. आधी पाऊस पडला, त्यावर कडाक्याची थंडी, आणि सगळं गवत बर्फाच्या काचेखाली गेलं. खुरांनी बर्फ फोडताफोडता जनावरं मेली. आमच्याकडे उरली एकच, त्या कबऱ्या घोडीची नात. अल्दियारकडे किल्ल्यावरचं पीठ होतं. त्यांचा निरोप आला: तेमिरबेकनं यावं, चारचौघांत माझी रिकीब धरावी, मला खान म्हणावं, मग त्याच्या तंबूंना पीठ मिळेल.

जा म्हणून सांगायची कुणाची छाती झाली नाही. पण आमच्या पोरांनी रडणंसुद्धा सोडलं होतं.

एका सकाळी ते आमच्या दारात आले. माझ्याकडे न पाहता घोडीकडे पाहत म्हणाले, "सूनबाई, ही माझी घोडी होती. परत मागायला आलोय."

मला सगळं कळलं. तिकडे जे बोलायचं होतं, ते आधी घरच्यांपुढे बोलून मोकळं व्हायला आले होते. आमचे हे खाली मान घालून लगाम आणायला वळले.

सुनेनं वडीलधाऱ्यांपुढे तोंड उघडायचं नसतं. मी उघडलं. इतका संताप आला होता मला, त्या बर्फाचा, अल्दियारचा, सगळ्याचाच.

"परत मिळायची नाही," मी म्हणाले. "खानाची लूट आहे ती, माझ्या सासऱ्यांनी आणलेली. खानांना कुठं जायचं असेल तर प्रजेची घोडी आहे. बसा."

त्यांनी एकदा घोडीची मान थोपटली. मग बसले. लगाम धरून आमचे हे पायी निघाले आणि गोठलेल्या नदीवरून दोघं पलीकडे गेले.

तिथलं ह्यांनी मला एकदाच सांगितलं. तेमिरबेकांनी रिकीब धरली आणि मागच्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात ते शब्द उच्चारले.

परतल्यावर ते आमच्या दारात उतरले. मागून पिठाचे उंट येत होते, हाकणारी माणसं अल्दियारची. तेमिरबेकांनी माझ्या हातात लगाम दिला.

"नीट बघून घे सूनबाई. तुझी लूट आहे."

आणि आपल्या तंबूकडे पायी निघाले. मला रडू आवरेना. उंटांवरची माणसं त्यांना पायी जाताना पाहत होती. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. आधी पुढचा एक उतरला, मग बाकीचे उतरले, आणि सगळे त्यांच्यामागून पायी चालू लागले.