पडद्याची पुढची बाजू

जत्रेच्या तंबूत हिंदी सिनेमा लागला की आम्ही पडद्याच्या मागे बसायचो. मागचं तिकीट स्वस्त, आणि वीटभट्टीवर राबणाऱ्या माझ्या आईबापाला तेवढंच परवडायचं. कापडातून चित्र आरपार दिसायचं, फक्त उलटं. गाणी मात्र दोन्ही बाजूंना सुलटीच ऐकू यायची. "एकदा पुढं बसून बघायचाय गं," आई म्हणायची.

मी घरातली पहिली पदवीधर. नोकरी लागल्यावर आईला मॉलमधल्या थिएटरात नेलं. नायकानं पहिला घास घेतला आणि आईनं मला कोपरानं ढोसलं.

"अगं, हा उजव्या हातानं जेवतोय की!"

"सगळे उजव्याच हातानं जेवायचे, आई. आपण मागून बघायचो."

ती पदर तोंडाला लावून हसली. "म्हंजी इतकी वर्षं मी उगाच नावं ठेवली बिचाऱ्यांना!"

मुका सिनेमा बोलायला लागला, रंगीत झाला, तंबूतून काचेच्या इमारतीत आला, हे मी कॉलेजात एका पुस्तकात वाचलंय. पण नटांना डावखुरे समजूनही त्यांच्यावर जीव टाकणारी पडद्यामागची माणसं त्या पुस्तकात नव्हती.

मध्यंतरात आईनं हळूच विचारलं, "आता मागं कोण बसतं गं?"

"कुणी नाही. मागे भिंत आहे."

"बरं झालं," म्हणत ती खुर्चीत नीट टेकून बसली. माझी आई पडद्याच्या पुढे बसली होती.