काटा हलला की सांग

गेल्या हिवाळ्यात आमचा जुना ट्रॅक्टर रोज सकाळी रुसायला लागला. किल्ली फिरवली की स्टार्टर एकदा ‘टक्’ करायचा आणि गप्प. मग मी तो संध्याकाळी कालव्याच्या भरावावर, उताराला तोंड करून लावू लागलो. सकाळी मागचा दगड काढायचा, वर चढून बसायचं आणि घरंगळत गिअर टाकायचा, की इंजिन चालू. ढकलायला कुणी लागत नसे.

शेवटी बॅटरी काढून बावड्याच्या इलेक्ट्रिशियनकडं नेली. त्यानं मीटर लावला.

“तात्या, बॅटरी ठणठणीत हाय, चार्ज करून दिलीय. तिला चार्जिंगच मिळंना. अल्टरनेटर काढून आणा.”

दुसऱ्या दिवशी तो नेला. त्यानं कार्बन बदलले आणि बाकावर फिरवून दाखवला.

“ह्यो बी चांगला हाय. आता राहिली मधली वायर. इंजिन चालू ठिवायचं, एकानं वायर हलवायची, दुसऱ्यानं काट्यावर नजर ठिवायची. एकट्याचं काम न्हाय त्ये.”

मी मान हलवली आणि घरी आलो. घरात दुसरं कुणी नव्हतं.

नातू झाला तेव्हा बायको तीन महिन्यांसाठी म्हणून पुण्याला गेली होती. मुलगा नोकरीला, सूनही नोकरीला. बाळाला कुणाच्या भरवशावर ठेवायचं? तीन महिन्यांचं दीड वर्ष झालं. यात चूक कुणाचीच नव्हती, म्हणून तक्रारही करता येत नव्हती. मी भात-आमटीवर दिवस काढायला शिकलो होतो. भाकरी मात्र जमली नाही. कधी कधी दुपारपर्यंत माझ्या तोंडून एक शब्दही निघालेला नसायचा. गाईला हाक मारली की घसा धरल्यासारखा आवाज यायचा.

दोन दिवस मी एकट्यानंच झटापट केली. पुढं जाऊन वायर दाबायची, सोडायची आणि लगबगीनं मागं येऊन डॅशबोर्ड बघायचा. तोवर चार्जिंग दाखवणारा करंटचा काटा आपला मधोमध, काही झालंच नाही असा. त्याच्या शेजारचा टेंपरेचरचा काटा तर इंजिन गार असतानाही तांबड्यात जाऊन बसलेला. दोन्ही काटे खोटं बोलतायत की एकच, तेही कळेना.

तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला मी मोबाइल स्टिअरिंगला सुतळीनं बांधला आणि बायकोला व्हिडिओ कॉल लावला.

“अवो, ह्ये काय दिसतंय? तुमचं तोंड कुठं हाय?”

“तोंड राहू दे. डावीकडचा काटा दिसतोय का?”

“दिसतोय की. मधी हाय.”

“त्यो उजवीकडं हलला की सांग.”

इंजिन चालू करून पुढं गेलो. पहिली वायर हलवली. मागून काहीतरी आवाज आला, पण इंजिनाच्या धडधडीत शब्द कळेना. परत मागं आलो.

“काय म्हणालीस?”

“काय न्हाय. म्हटलं, किती धूळ साचलीय त्येच्यावर!”

“असं नको. ताट घे आणि चमचा घे. काटा हलला की वाजव.”

ती हसली. पण ताट आणलं.

मी अल्टरनेटरपासून वायर बोटाबोटानं चाचपत निघालो. दाबायची, वाकवायची, थांबायचं. ऑइल फिल्टरच्या मागं, जिथं दोन-तीन वायरी एका टेपात गुंडाळल्या होत्या, तिथं अंगठा टेकवला आणि मागून ठण ठण ठण! सोडला, गप्प. दाबला, ठण ठण! जागा सापडली होती. तरीही मी ती आणखी चार-पाच वेळा दाबली. ती न चुकता वाजवत राहिली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच आम्ही दोघं मिळून एक काम करत होतो.

मग ताटाऐवजी रडण्याचा आवाज आला. मी मागं आलो तर पडद्यावर नुसतं छत.

“उठलं लेकरू. ठिवते आता,” एवढं ऐकू आलं आणि कॉल बंद झाला.

टेप सोडला. उंदरानं आत चांगलं कुरतडलं होतं. चार्जिंगची वायर दोन तारांवर लोंबत होती, आणि टेंपरेचरच्या वायरचं कातडं निघून ती इंजिनाच्या लोखंडाला टेकली होती. खराब भाग कापला, तांबं घासून चकचकीत केलं, नव्या तुकड्यानं दोन्ही जोडल्या, टेप मारला. ट्रॅक्टर चालू केला तसा करंटचा काटा उजवीकडं झुकला. टेंपरेचरचा तांबड्यातून खाली आला आणि इंजिन तापेल तसा हळूहळू वर सरकू लागला. मी सीटवर बसून किती वेळ तेच बघत होतो.

फोन करून दोन्ही काटे सुधारल्याचं सांगितलं. “भरवतीये त्याला,” ती म्हणाली, “बरं झालं बाई. मागनं बोलू.”

मागनं बोलणं राहून गेलं.

चार दिवसांनी मी परत फोन स्टिअरिंगला बांधला. “काटा पुन्हा अडकतोय,” म्हणालो. ते खोटं होतं. ती बिचारी बसली बघत. मी पुढं जाऊन, इंजिनाशी काही न करता, नुसता उभा राहिलो. तिच्या घरातल्या कुकरची शिट्टी फोनमधून पुसट ऐकू येत होती. थोड्या वेळानं तिनं हाक मारली. मी इंजिन बंद केलं.

“अवो, काटा मगापासनं जाग्यावर हाय. तुमी वायरीला हात तरी लावला का?”

मी कोरडेच हात फडक्याला पुसू लागलो.

तिनं ते बघितलं. मग म्हणाली, “जेवलात का?”

“न्हाय अजून.”

“मग जेवा. फोन तसाच ठिवा तितं, मी हाय.”

मी घरातून ताट वाढून आणलं आणि ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून जेवलो. ती समोर भाजी निवडत होती. भात गार झालाय का, मीठ पडलंय का, एवढंच काय ते विचारलं. माझं जेवण होईपर्यंत तिनं फोन ठेवला नाही.

उन्हाळ्यात मुलाला सुट्टी मिळाली तेव्हा ती आठ दिवस येऊन गेली. जाताना डब्यात महिनाभराच्या चटण्या भरून ठेवल्या. मी तिला इंदापूरच्या स्टँडवर सोडलं आणि गाडी सुटेपर्यंत खिडकीखाली उभा राहिलो.