बटाट्याचं म्हणून

डब्यात काय आहे ते विमलताई कुळकर्णी डबा न उघडता सांगत. देऊळगाव राजाच्या मुलींच्या शाळेत मी रुजू झाले, त्या पहिल्याच दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी माझा पितळी डबा उचलला, झाकणाच्या फटीला नाक लावलं, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "ज्वारीची भाकरी, कालची. लसणाची चटणी. पण पाट्यावर वाटलेली नाही, कुटलेली आहे." चटणी खरोखरच कुटलेली होती. धर्मशाळेच्या खोलीत उतरलेली बाई पाटा कुठून आणणार?

महाराष्ट्र नुकताच झाला होता. वर्गाच्या भिंतीवर अजून जुन्या राज्याचाच नकाशा टांगलेला होता आणि विमलताई त्याकडे पाठ करून मराठी शिकवत. फळ्यावर लिहिता लिहिता, मागं वळून न बघता म्हणत, "तिसऱ्या बाकावर कैरी आहे, मीठ लावलेली. सुट्टीपर्यंत दप्तरात राहू दे." मुली गार पडत. मी एकदा कौतुक केलं तर म्हणाल्या, "जिभेला कुलूप लावता येतं गं, नाकाला नाही लावता येत."

या वाक्याचा अर्थ मला त्यांच्या घरी राहायला गेल्यावर कळला. विमलताई बाविसाव्या वर्षी विधवा झाल्या होत्या. पदरात कुमुद, आता सहा वर्षांची. राहायच्या थोरल्या दिरांच्या घरी. भावजी तहसिलीत कारकून, माणूस शांत. नातेवाइकांचा विरोध पत्करून त्यांनी भावजयीला नोकरी करू दिली होती. पण त्या घरात विमलताईंना कांदा-लसूण बंद होता. चुलीवर कांद्याची भजी तळली जायची, सगळे खायचे, आणि विमलताईंच्या वाट्याला फक्त वास यायचा. वर्षानुवर्षं वासावर जेवलेली बाई होती ती.

मी सुभद्रा वानखडे, पिंपळगाव राजाची. आमची वांग्या-मिरच्यांची वाडी, घरात मॅट्रिक झालेली पहिली मुलगी मीच. माझ्या 'मले-तुले'ला शाळेतल्या मुली तोंडावर पदर धरून हसायच्या. विमलताईंनी रोज संध्याकाळी मला समोर बसवून धडा वाचून घेतला, एकेक शब्द घासूनपुसून दिला. गावात माळ्याच्या एकट्या पोरीला खोली कुणी देईना, तेव्हा भावजींशी बोलून घरामागची खोली त्यांनीच मिळवून दिली. भावजींची अट एकच: घरात अंडं-मटण शिजायचं नाही. मी पाळली. हे सगळं मी मुद्दाम सांगते आहे. पुढं जे झालं त्यामुळं हे खोटं ठरत नाही.

शाळेत मात्र माझ्या डब्यातली लसणाची चटणी हळूहळू त्यांच्या डब्यात जाऊ लागली. आधी बोटाच्या टोकावर, मग भाकरीसकट. "पचलं की झालं, कुणी पोट उघडून बघत नाही," असं म्हणून त्या खुदकन हसत. मी भ्याले की म्हणत, "तू नको घाबरू, सुभद्रे. बोट उठलं तर माझ्यावर उठेल. नोकरी बंद, आणि कुमुद जाऊबाईंच्या हवाली." हसत हसतच म्हणत, पण ते खरं होतं हे दोघींनाही ठाऊक होतं.

आठवडी बाजाराच्या टोकाला, एसटी स्टँडच्या बाजूला एक चाचा पाल ठोकून बसायचा. जालन्याहून पहिल्या गाडीनं डबलरोटीची पेटी घेऊन यायचा. कोंबडीचे तुकडे तिखट-लसूण लावून ठेवलेले, ते बेसनात बुडवून तेलात सोडायचा, लाल झाले की पाव चिरून त्यात भरायचा, वर कांदा आणि हिरवी मिरची. बाजारात आलेली माणसं उभ्यानं खायची. आम्ही शाळेतून परतताना त्या रस्त्यानं यायचो, आणि दर बाजारी विमलताईंचा पाय तिथं जड व्हायचा.

"लसूण कळतो, बेसन कळतं, मिरची कळते," त्या म्हणायच्या. "त्याच्याखाली जे आहे ते कळत नाही."

"कोंबडी हाय ते, विमलताई."

"ते मला ठाऊक आहे गं. नाव ठाऊक आहे, चव नाही."

तीन-चार बाजार असेच गेले. मग एके दिवशी त्या थांबल्याच. "सुभद्रे, आज खायचं."

मी हादरले. घाबरले की शिकवलेली मराठी विसरायची मी. "काय बोलून राह्यल्या तुमी? मले भेव वाटते. कोनी पाह्यलं तर?"

"पालाच्या मागं कोण बघतंय? तू आण. मी मागं उभी राहते."

आणले मी दोन पाव. चाचा भला माणूस, दोन बाया पाहून म्हणाला, "हड्डी निकाल के देता, बाई. आराम से खाओ." विमलताईंनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. मला वाटलं, आता ओकारी काढणार. पण त्या सावकाश चावत राहिल्या. तेल मनगटापर्यंत ओघळलं. डोळे उघडले तेव्हा त्यांत पाणी होतं, मिरचीचं म्हणाल्या. "यासाठी एवढं होय गं? एवढं साधं असतं?" असं काहीसं पुटपुटल्या, आणि मग लहान मुलीसारखा हात पुढं केला. "अजून एक आण."

दुसराही पाव त्यांनी संपवला. मी माझा अर्धाच खाल्ला होता. माझं लक्ष सारखं रस्त्याकडं होतं. पण त्यांना खाताना बघून मला जो आनंद झाला, तो मी आजही नाकारत नाही.

चूळ भरली, लवंग चघळली, हात मातीनं घासले. सगळं केलं. फक्त मधे कधीतरी विमलताईंनी सवयीनं पदराला हात पुसले होते. अख्ख्या शाळेचे डबे ओळखणाऱ्या त्या बाईला आपल्याच पदराचा वास आला नाही.

थोरल्या जाऊबाईंना आला. ओसरीवर पाय ठेवताच त्यांनी विमलताईंचा पदर धरला, नाकाशी नेला आणि तिथंच ओरडल्या. भावजी बाहेर आले. कुमुद धावत येऊन आईच्या निऱ्यांना बिलगली. मी अंगणाच्या दारात उभी होते.

"काय खाल्लंत?" भावजींनी विचारलं. आवाज चढवला नाही त्यांनी.

विमलताईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "वानखडेबाईंनी दिलं. बटाट्याचं म्हणून दिलं. मला काय ठाऊक?"

भावजी माझ्याकडं वळले. "खरं का, बाई?"

मला नाही म्हणता आलं असतं. मागून घेतलं, डोळे मिटून खाल्लं, वर दुसरा मागितला, हे सांगायला किती वेळ लागला असता? पण ती पोर निऱ्यांत तोंड खुपसून उभी होती. जाऊबाईंची नजर त्या पोरीवर होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "हाव."

दुसऱ्या दिवशी माझी ट्रंक पुन्हा धर्मशाळेत आली. विमलताईंना पंचगव्य देऊन शुद्ध करून घेतलं. त्यांची नोकरी राहिली, कुमुद राहिली. मी मात्र गावात 'बाटवणारी बाई' झाले. मुली माझ्या हातचं पाणी घेईनात. हेडमास्तरांनी बोलावून विचारलं, तिथंही मी गप्प बसले. परीक्षा आटोपताच माझी बदली डोणगावला झाली.

या कशाचंही मला तेवढं लागलं नाही. बोलले ते मी माझ्या मर्जीनं बोलले होते. मला एवढंच वाटत होतं की एकदा तरी, वर्गांच्या मधल्या बोळात का होईना, विमलताई माझा हात दाबतील. सुभद्रे, एवढं म्हणतील. त्यांनी शिक्षकांच्या खोलीत खुर्ची हलवून घेतली. चारचौघांत बोलायची वेळ आलीच तर 'वानखडेबाई, तुम्ही' म्हणू लागल्या. सुरुवातीला मी समजून घेतलं, घरच्यांची धास्ती असेल. निघण्याच्या दिवशी स्टँडवर दोन गाड्या सोडल्या मी. त्या आल्या नाहीत. तिसऱ्या गाडीत बसले तेव्हा मला पहिल्यांदा राग आला, आणि तो इतका आला की मेहकरपर्यंत मी शेजारच्या बाईशी एक शब्द बोलले नाही.

पंधरा-सोळा वर्षांनी मेहकरला पेपर तपासायला जिल्ह्यातल्या शिक्षिका जमलो होतो. विमलताई आता मुख्याध्यापिका होत्या. भावजी वारले होते, जाऊबाई अंथरुणाला खिळल्या होत्या, कुमुद लग्न होऊन नागपूरला सुखात होती. भीती बाळगावी असं कुणी उरलं नव्हतं. मला बघून त्या मोकळं हसल्या आणि दहाजणींच्या घोळक्यात मला ओढून घेऊन म्हणाल्या, "या वानखडेबाई बरं का! यांनी एकदा मला बटाटा म्हणून चक्क कोंबडी खाऊ घातली होती. मला आठ दिवस अन्न गेलं नाही. पण मी कधी मनात ठेवलं नाही हो. तेव्हाच माफ करून टाकलं."

सगळ्या हसल्या. मीही हसले, असं वाटतं.

दुपारी पाण्याच्या माठापाशी त्या एकट्या सापडल्या. इतकी वर्षं मी शुद्ध बोलत आले होते, पण तेव्हा जिभेवर पिंपळगावच आलं. "विमलताई, आता तरी सांगा. तुमाले ठाव नव्हतं? दुसरा पाव कोनं मागतला होता?"

त्यांनी पेला खाली ठेवला. मी त्यांच्या डोळ्यांत शोधत राहिले. ओशाळेपण, निदान चोरटेपण. काहीच नव्हतं. त्या जरा बुचकळ्यात पडल्या होत्या, एवढंच. मग विसरभोळ्या माणसाला आठवण करून द्यावी तशा मऊ आवाजात म्हणाल्या, "असं काय करता, बाई? तुम्हीच तर कबूल केलंत ना, भावजींसमोर?"

ते खरं होतं. कबूल मीच केलं होतं.