हाड माझं होतं

चुलत बहिणीच्या लग्नाला आईने मला हिरव्या बांगड्या भरल्या आणि संध्याकाळपर्यंत दोन्ही मनगटं काळीनिळी पडली. आईला वाटलं, आपलाच हात जड पडला. मग दात घासताना हिरड्यांतून येणारं रक्त थांबेना.

तपासलं तर रक्तात प्लेटलेट जवळजवळ नाहीतच. प्लेटलेट म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, हे मी माझ्या जुन्या कॉलेजच्या लायब्ररीत वाचलं, कारण घरात कोणी ताकास तूर लागू देत नव्हतं. "अशक्तपणा आहे," एवढंच बाबा म्हणायचे आणि आईशी गॅलरीत कुजबुजायचे. मी शाळेत शिकवणारी बाई, आणि मला बाळासारखं झुलवत होते. माझं डोकं फिरायचं.

रक्त जिथे बनतं ती मज्जा कमरेच्या हाडातून तपासायला काढायची ठरली. आईशी मी मराठीत बोलत होते, बाबांशी डॉक्टर इंग्रजीत. त्यामुळे मला बंगाली येत नाही असं डॉक्टर धरूनच चालले. मी इथल्याच बागबाजारात, बंगाली वस्तीत वाढलेली. भांडायला तर मला मराठीपेक्षा बंगालीच बरी जमते.

टेबलावर मी कुशीवर, भिंतीकडे तोंड करून. सुई शिरताना नुसता दाब होता. मज्जा ओढली तेव्हा कळ पार पायापर्यंत गेली. तेवढ्यात पाठीमागे थोरले डॉक्टर धाकट्याला बंगालीत सांगू लागले: मज्जा सुकली असेल, नाहीतर कॅन्सर, काही निघालं तरी मुलीला कळू द्यायचं नाही, वडिलांशी बोलू.

घाबरले मी, खोटं कशाला सांगू? पण त्याहून राग मोठा होता.

"आमाके बोलबेन," मी भिंतीलाच म्हटलं. "हाड़टा आमार." मला सांगा, हाड माझं आहे.

सुई अजून हाडातच होती. मग थोरले डॉक्टर हळूच म्हणाले, "हलू नकोस, मा." बंगाल्यांत लेकीलाही असंच म्हणतात.

रिपोर्टच्या दिवशी दार उघडलं तसे बाबा सवयीने उठले. डॉक्टरांनी माझ्याकडे बोट केलं.

आत त्यांनी सगळं सांगितलं. मज्जा सुकलेली नाही, कॅन्सरही नाही. प्लेटलेट बनवणाऱ्या पेशी तिथे भरपूर आहेत. बनलेल्या प्लेटलेट शरीरच मोडून टाकतंय. गोळ्या घ्याव्या लागतील, त्यांनी चेहरा सुजून गोल होईल, आणि बरं वाटेलच अशी खात्री नाही. "वडिलांना मी सांगू?" त्यांनी विचारलं.

"नको."

बाहेर बाबा उभेच होते, छत्री घट्ट धरून. त्यांचा चेहरा पाहून माझा राग थोडा ओसरला, सगळा नाही.

"बसा, बाबा," मी म्हटलं. "सगळं सांगते. काही लपवणार नाही."