चाळीस मिनिटं थांबलेली जीप

ती घटना आठवली की आजही माझा मलाच राग येतो. अकोला जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. कापसाच्या पडत्या भावानं गावोगावची माणसं आधीच चिडलेली, त्यात लोकसभेचा निकाल असा लागला की आमच्या मतदारसंघात जिंकलेला उमेदवार अगदी थोड्या मतांनी निवडून आला. दिल्लीत सरकार कुणाचं, तेही एकेका जागेवर अडलं होतं. हरलेल्या बाजूचे लोक रोज ठाण्यात येऊन बसत. मशीन बदललं, हे एकच पालुपद.

मग खबर आली. मतदान संपल्यावर हिवरखेडकडून मतदान यंत्र आणणारी जीप वाटेत एका घरासमोर चाळीस मिनिटं उभी होती, आणि कुणीतरी पिशवी घेऊन आत गेलं होतं. निवडणूक अधिकाऱ्यांनी चौकशी माझ्याकडे दिली.

जीपमध्ये चौघं होते. केंद्राध्यक्ष, बंदोबस्ताचा शिपाई, ड्रायव्हर आणि एक तरुण शिक्षिका. ती मानधनावर लागलेली. शेरा वाईट पडला तर नोकरी गेलीच. चौघांना वेगवेगळं बसवून विचारलं. टायर पंक्चर झालं, असं चौघांनी सांगितलं. शब्दसुद्धा तेच. खरं बोलणारी माणसं अशी एका सुरात बोलत नाहीत. मी जीप पाहिली. स्टेपनीच्या नटांवर जुना गंज, पाना कधी लागलेलाच नव्हता. लेकहो, सापडलात, म्हटलं.

शिपाई आमच्याच खात्याचा, म्हणून त्याला जास्तच धरलं. तो मान खाली घालून म्हणाला, "साहेब, मले सस्पेंड करा. पण मशीनवरून माहा हात हटला नाही." घरात कोण गेलं, ते मात्र सांगेना. शिक्षिका सारखी घरी जाऊ द्या म्हणत होती. मला वाटलं, हीच फुटणार. दुसऱ्या दिवशी तिला पुन्हा बोलावलं, शेजारी महिला शिपाई दिली आणि सकाळपासून नुसतं बसवून ठेवलं.

दुपारी मी त्या घरी गेलो. घर ड्रायव्हरच्या खालाचं, म्हणजे मावशीचं. म्हातारी दारात तूर निवडत होती. मी आवाज चढवला तसं तिनं सूप बाजूला ठेवलं.

"तिचं लेकरू तीन महिन्याचं, घरी. अन् हे दोन दिवस ड्यूटीवर. दूध दाटून ताप भरला होता तिले. मी शेकलं, दूध काढलं, पिशवीतली कोरडी साडी नेसवली. हे माणसं तुमाले काय सांगतीन, साहेब?"

मला ठाण्यात बसवलेली बाई आठवली. माझ्या ड्रायव्हरला म्हटलं, गाडी काढ, लवकर.

पोचलो तेव्हा ती पदर छातीशी घट्ट धरून भिंतीला टेकली होती. डोळे तापानं लाल. महिला शिपाई म्हणाली, बाईंनी दोनदा विचारलं, तुम्हीच नाही म्हणालात. मी जा म्हटलं, गाडी देतो म्हटलं. ती माझ्याकडे न बघता चालत निघून गेली.

सीलचे नंबर मी त्यानंतर तपासले. दोन्ही बाजूंच्या एजंटांनी मतदान केंद्रावरच लिहून घेतलेले, मोजणीच्या टेबलावर तेच निघालेले. आपल्याच एजंटाची सही पाहून तक्रारदार उठून गेले. हे काम पहिल्या दिवशी करायचं होतं. पण मला गंजलेला नट सापडला होता ना! कर्मचाऱ्याची प्रकृती बिघडल्यानं गाडी थांबली, एवढंच अहवालात लिहिलं. नाव घातलं नाही. तिची नोकरी राहिली.

खोटं पकडायला मला येत होतं. ते कुणाला झाकायला बोललं जातंय, हा विचार मी कधी केला नव्हता. पुढे निवृत्त होईपर्यंत ठाण्यात कुणालाही बसवण्याआधी मी पहिला प्रश्न हाच विचारला, की घरी कोण वाट बघतंय.