पूर्णगडचा साक्षीदार

ऐंशीच्या दशकात मी रत्नागिरीच्या एका कॉलेजात इतिहास शिकवत होते आणि पीएच.डी. करत होते. विषय होता, अमेरिकेने फिलिपिन्सची बेटं कशी घेतली आणि तिथे आपले आरमारी तळ कसे बसवले. स्टाफरूममध्ये सगळ्यांना याचं हसू यायचं. पीएच.डी. आंब्याच्या कलमांवर कर, नाहीतर भातावर कर, रत्नागिरीत बसून अमेरिका कशाला, हे मी रोज ऐकायचे. ज्या गावात इंग्रजांनी ब्रह्मदेशच्या राजाला आणून मरेपर्यंत ठेवलं, त्याच गावातल्या शिकल्यासवरल्यांनी हे विचारावं याची मला भयंकर चीड यायची.

पुस्तकं मुंबईहून टपालाने यायची. सेनापतींच्या आठवणी, सिनेटरांची भाषणं. सगळ्यांचा सूर एकच, की आम्ही त्या बिचाऱ्यांना सुधारायला गेलो. स्पेनला हाकललं, मग ज्यांना सोडवलं म्हणायचं त्यांच्यावरच बंदुका रोखल्या, आणि वर उपकाराची भाषा. चोर तो चोर, वर शिरजोर. वाचताना माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

एक दिवस कॉलेजातल्या शिपायाने सांगितलं की त्याचे सासरे पूर्णगडला असतात, जन्मभर मालवाहू बोटींवर खलाशी होते, आणि त्यांनी फिलिपिन्समधला अमेरिकेचा तळ डोळ्यांनी पाहिलाय. पुढच्याच रविवारी मी एसटीने गेले. आजोबा ओटीवर जाळं दुरुस्त करत बसले होते. ते सांगू लागले. त्यांची बोट एकदा त्या तळाजवळच्या बंदरात पंधरा दिवस अडकली होती. तळाच्या बाजूचं पाणी गाववाल्यांना बंद. तिथल्या एका मच्छीमाराचं जाळं भरतीबरोबर आत वाहून गेलं, ते आणायला तो होडी घेऊन गेला. पहारेकऱ्यांनी त्याला पकडलं आणि होडी ठेवून घेतली. तो किनाऱ्यावर तीन दिवस नुसता बसून होता, हे सांगताना आजोबांचा हात थांबला. ते स्वतःही मच्छीमाराच्याच घरातले.

मी साल विचारलं. ते म्हणाले, शिमग्याचं उधाण होतं, पुनवेच्या दुसऱ्या दिवशीचं. दर्यावरची माणसं मोठ्या भरतीवरून आणि चंद्रावरून दिवस लक्षात ठेवतात. साल काही त्यांना आठवेना. चहा पिऊन मी वही मिटली.

त्यावर प्रकरण लिहून मी मुंबईला मार्गदर्शकांकडे नेलं. त्यांनी पानभर आडवी रेघ मारली. "बाई, तारीख नाही, कागद नाही. हा पुरावा नव्हे, पारावरच्या गप्पा." खाडी कशाला म्हणतात हेही ठाऊक नसलेला माणूस, उंटावरून शेळ्या हाकत होता. आणि वर्गात पोरांना धाकात ठेवणारी मी, तिथे मूग गिळून बसले. प्रकरण काढून टाकलं. डिग्री मिळाली.

प्रबंध बांधून आल्यावर एक प्रत घेऊन पूर्णगडला गेले. शाबासकी हवी असणार, दुसरं काय. आजोबांनी हात धुतले, पंच्याला पुसले आणि तो जाडजूड ग्रंथ मांडीवर घेतला. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं. त्या होडीवाल्याचं कुठल्या पानावर आहे, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आजोबा, ते नाही घेता आलं, तारखेचा कागद नव्हता ना.

ग्रंथ बाजूला ठेवून ते आत गेले. पत्र्याची ट्रंक उघडल्याचा आवाज आला. बाहेर आले ते आपलं खलाशाचं पुस्तक घेऊन. प्रत्येक बोटीवर चढल्याची तारीख, उतरल्याची तारीख, कप्तानाची सही, शिक्का. त्या बोटीचंही पान होतं आणि त्यावर साल होतं. जुन्या पंचांगात त्या सालचा शिमगा शोधायला मला पाच मिनिटंसुद्धा लागली नसती.

"बाय, कागद नाय म्हनतेस," ते म्हणाले. "पन तू मागितलास कदी?"

सेनापतींचे कागद मी मुंबईला पत्रांवर पत्रं धाडून मागवले होते. या माणसाच्या ओटीवर मी दोन तास बसले, आणि त्याच्याकडे कागद असेल असं माझ्या मनातही आलं नाही. त्या सेनापतींनाही बेटांवरच्या माणसांबद्दल असंच वाटत होतं, की यांच्याकडे मागण्यासारखं काही नसणार.