हिरव्या रंगाखालचा पाइप

पहाटे पाण्याची वेळ झाली, की कासारवाडीतल्या आमच्या इमारतीचा पाइप आधी खाकरतो. मग एक दीर्घ सुस्कारा, मग लोखंडाचा ओलसर वास आणि मग बादलीत पडणारी तांबूस धार! ती पहिली बादली मी मोरीत ओतून देते आणि दुसरी लावते. लग्न होऊन इथे आले तेव्हापासूनचा हा आमचा प्रातःकालीन संवाद.

गेल्या महिन्यात या वृद्ध सोबत्याची नाडी पाहायला एक तपासनीस आला. जिन्यातल्या उभ्या पाइपवर त्याने हातोडी मारली, 'बद्द' असा मुका आवाज ऐकला आणि निदान करून मोकळा झाला: पाइप कुजले, इमारतीचं आयुष्य सरलं, पाडून टाका. इथे टॉवर उभारू पाहणारा बिल्डर त्याच्या सोबतच होता, हे वेगळं सांगायला हवं का? घरं रिकामी करण्याच्या संमतिपत्रावर भराभर सह्या होऊ लागल्या. तो कागद माझ्या दारात आला आणि माझं डोकंच फिरलं. उभा जन्म मी कंपनीत तपासणी खात्यात काढला. गेज लावल्याशिवाय साधा बोल्टसुद्धा कधी नापास केला नाही. आणि माझं घर एका टोल्यात नापास?

आवाज मुका का, हे मला ठाऊक होतं. दोष आमच्याच भक्तीचा! खंडेनवमीला कंपनीत यंत्रं रंगवून पुजायची, तोच संस्कार आम्ही घरी आणला. ज्याने पाणी पाजलं त्या पाइपालाही दरवर्षी यंत्राच्या हिरव्या रंगाचा हात आणि झेंडूची माळ. आधी खरवडायचे कष्ट मात्र कुणी घेतले नाहीत. रंगावर रंग चढत बोटभर जाड थर झाला. माणसांनाही आपण असंच पुजतो, नाही का? माळ घालतो आणि विचारपूस तेवढी राहून जाते.

तळमजल्यावरच्या शिंदेकाकांना हाक मारली. निवृत्त फिटर, मूळचे बीडकडचे. "आवो ताई, रंगाला ठोकून लोखंड कळतं व्हय?" म्हणत त्यांनी दर मजल्यावर वीतभर पाइप खरवडून उघडा केला आणि हातोडी लावली. खण्ण! चौथ्या मजल्यापासून खालपर्यंत तो जुना जीव खणखणीत बोलला. तळाशी, टाकीजवळच्या वळणावर मात्र हातोडी चक्क आत गेली. काकांनी तो तुकडा कापून काढला; गंजाने आतली वाट करंगळीएवढी उरली होती. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? आम्ही माळ घालायचो ती नेमकी तिथेच.

सोसायटीच्या रविवारच्या सभेत मी तो तुकडा टेबलावर आदळला. "सडलंय ते एवढंच. हे बदला. मी सही करणार नाही."

"सगळ्यांच्या आड एकट्या येताय, ताई," चेअरमन म्हणाले.

"येणारच! खुशाल वाळीत टाका."

दोघांनी आपल्या सह्या तिथल्या तिथे खोडल्या. बाकीच्यांचं अजून ठरायचंय, आणि माझ्याशी जिन्यात कुणी फारसं बोलत नाही. बोलेनात तर बोलेनात! यंदा खंडेनवमीला आधी खरवडणार, मग माळ.

वळणावर काकांनी नवा तुकडा बसवलाय. तरी आज पहाटे पाइप खाकरला, सुस्कारला आणि धार तांबडीच आली. पहिली बादली तांबडी आली म्हणून कुणी घर सोडतं का? मी ती ओतली आणि दुसरी लावली.